परभाषा म्हणून इंग्रजीचे अध्यापन आणि विशेष क्षेत्राची निवड

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पदवीधर विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी झालेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या शिक्षण समितीने आज तरुण पदवीधरांपुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा मला केली आणि विषयही समितीनेच नेमून दिला. इंग्रजी शिकविण्याच्या व्यवसायात आपल्या मुलामुलींनी आपले स्थान कसे शोधावे, हा तो विषय. आताच ज्यांना या व्यासपीठावर श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र मिळाले, त्यांत इंग्रजी घेऊन बी. ए., एम. ए. झालेले अनेकजण आहेत. त्यांचे अभिनंदन करणे सोपे आहे. उद्या सकाळी त्यांनी काय करावे हे सांगणे कठीण आहे, आणि तेच काम माझ्याकडे आले आहे.

आजची स्थिती आपण सारे पाहतोच. शाळेत जागा नाही, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर तुटपुंजे मानधन, म्हणून पदवीधर तरुण एक खोली भाड्याने घेतो आणि दारावर 'इंग्लिश स्पीकिंग'ची पाटी लावतो. समोरच्या इमारतीत तशीच पाटी असते, पुढच्या चौकातही असते. सर्वांचे पुस्तक एकच, आश्वासन एकच, 'तीन महिन्यांत अस्खलित इंग्रजी'. माल एकसारखा असला की गिऱ्हाईक केवळ भाव पाहते. मग शुल्क उतरत जाते आणि दोन वर्षांत पाटीही उतरते. त्यातच आता भ्रमणध्वनीवरील यंत्र कोणाशीही, कोणत्याही वेळी, फुकट इंग्रजीत संभाषण करू लागले आहे. सर्वांना सर्व काही शिकविणाऱ्या शिक्षकाला यापुढे माणसाशीच नव्हे, तर यंत्राशीही स्पर्धा करावयाची आहे.

यावर माझे म्हणणे एका वाक्यात मांडतो. इंग्रजी 'सर्वांना' शिकवू नका. एखादे विशिष्ट काम करणाऱ्या माणसांना त्या कामापुरते इंग्रजी शिकवा, आणि ते इतके चांगले शिकवा की त्या क्षेत्रात तुमचे नाव घेतले जावे. या मताच्या पुष्ट्यर्थ काही हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. आपल्याकडे इंग्रजी ही द्वितीय भाषा आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून ती पहिलीपासून शिकविली जाते. दुकानाच्या पाटीवर, न्यायालयात, औषधाच्या वेष्टनावर ती डोळ्यांसमोर असते. परंतु ब्राझील, जपान, तुर्कस्तान, कझाकस्तान अशा देशांतील सामान्य माणसाला वर्गाबाहेर इंग्रजी क्वचितच ऐकू येते. तेथे ती खऱ्या अर्थाने परभाषा. अशा देशांतील शिकणारा साहित्याच्या ओढीने फारसा येत नाही. त्याला जहाजावर नोकरी हवी असते, शोधनिबंध छापावयाचा असतो, रुग्णालयात रुजू व्हावयाचे असते. त्याच्याजवळ वेळ थोडा आणि गरज नेमकी.

ही गोष्ट शिक्षणतज्ज्ञांच्या ध्यानी येऊन साठाहून अधिक वर्षे झाली. ए. जे. हर्बर्ट यांचे तांत्रिक इंग्रजीच्या रचनेवरील पाठ्यपुस्तक १९६५ साली आले. चिलीमध्ये जॅक यूअर यांनी शास्त्रशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी लातोरे यांच्या सहकार्याने १९६९ साली स्वतंत्र अभ्यासक्रम छापला. लिबियात शिकविणाऱ्या जॉन स्वेल्स यांनी १९७१ साली शास्त्रीय लेखनावर पुस्तक दिले, आणि पुढे १९९० साली, शोधनिबंधाची प्रस्तावना कोणत्या क्रमाने उलगडते याचे जे विवेचन त्यांनी केले, ते आजही जगभर शिकविले जाते. १९८० पासून या शाखेला स्वतःचे नियतकालिकही आहे. विशिष्ट प्रयोजनाचे इंग्रजी, हे या शाखेचे नाव. तेव्हा मी काही नवीन सांगतो आहे असे नाही. आपल्या तरुणांच्या दारापर्यंत जी वार्ता पोचली नाही ती पोचवितो आहे, इतकेच.

आता या शाखेचे मर्म सांगतो. सामान्य वर्गात बरोबर काय आणि चूक काय हे व्याकरण ठरविते. विशेष क्षेत्रात ते काम ठरविते. याची तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण विमानाचे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे विमान न्यू यॉर्कच्या आकाशात बराच वेळ घिरट्या घालीत होते. हवा वाईट, गर्दी फार, इंधन संपत आलेले. सहवैमानिकाने नियंत्रकास कळविले, 'वी आर रनिंग आउट ऑफ फ्युएल, सर.' या वाक्यात व्याकरणाचा एकही दोष नाही. आपण परीक्षक असतो तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. परंतु 'इमर्जन्सी' किंवा 'मेडे' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. नियंत्रकाच्या कानी ते अनेक विमानांपैकी एकाचे साधे निवेदन ठरले. विमान लाँग आयलंडवर कोसळले आणि ७३ माणसे गेली.

त्याआधी २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. दाट धुके होते, कारणे अनेक होती. पण त्यांतील एक भाषेचे होते. डच सहवैमानिकाने 'आम्ही आता टेक-ऑफला आहोत' अशा अर्थाचे शब्द उच्चारले. स्पॅनिश नियंत्रकाने त्याचा अर्थ 'उड्डाणाच्या जागी उभे आहोत' असा घेतला. वस्तुतः विमान धावू लागले होते. मातृभाषेतील रचना संकटाच्या घटकेस परभाषेत उतरली असावी, असा तर्क काही भाषाभ्यासकांनी केला आहे. पुढे 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, एरवी 'डिपार्चर' म्हणावे, असा दंडक झाला.

आणि तिसरी घटना आपल्या देशातील. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमाने आकाशात एकमेकांवर आदळली आणि ३४९ जीव गेले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. ते त्याखाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक वैमानिकांच्या अपुऱ्या इंग्रजीचाही उल्लेख आला.

अशा अपघातांच्या अनुभवातून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००३ साली भाषाविषयक नियम संमत केले आणि मार्च २००८ पासून ते लागू झाले. सहा पायऱ्यांचे मोजमाप ठरले. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि परस्परसंवाद या सहाही अंगांत निदान चौथी पायरी गाठल्याखेरीज आंतरराष्ट्रीय उड्डाण नाही. चौथ्या पायरीवरील वैमानिकाची फेरपरीक्षा तीन वर्षांच्या आत, पाचवीवरील माणसाची सहा वर्षांच्या आत. याचा अर्थ असा की जगभरच्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना इंग्रजीची शिदोरी पुनःपुन्हा बांधून घ्यावी लागते. ठराविक संकेतवाक्ये त्यांना त्यांचे गुरुजन शिकवितात. पण प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला, इंजिनात पक्षी शिरला, मालाच्या कप्प्यातून धूर येऊ लागला, की ठराविक वाक्ये संपतात आणि साध्या इंग्रजीची गरज पडते. तेथे भाषाशिक्षकाचे काम सुरू होते.

दुसरे उदाहरण समुद्राचे. आपल्या कोकणपट्टीला ते परके नाही. मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज १९२७ सालीच सुरू झाले होते. आजच्या व्यापारी जहाजावर कप्तान एका देशाचा, अभियंता दुसऱ्या, खलाशी तिसऱ्या, अशी मिसळ असते. १९९० साली 'स्कँडिनेव्हियन स्टार' या प्रवासी जहाजाला आग लागून १५९ माणसे दगावली. खलाशांना एकमेकांचे आणि प्रवाशांचे बोलणे समजत नव्हते, हे त्या अनर्थाचे एक अंग होते. नोव्हेंबर २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने सागरी संभाषणाची प्रमाण वाक्ये स्वीकारली. त्यांतील एक नियम कोणत्याही इंग्रजी शिक्षकाने मनन करावा असा आहे. आपण वर्गात 'मे आय' हा विनयाचा उत्तम नमुना म्हणून शिकवितो. सागरी वाक्यावलीत 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' हे शब्द संदिग्ध म्हणून वर्ज्य मानले आहेत. बंदराच्या जलमार्गात शिरण्याची परवानगी मागताना 'मे आय एंटर द फेअरवे' असे म्हणावयाचे नाही. आधी 'क्वेश्चन' हा शब्द उच्चारावयाचा, आणि मग 'डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे' असे विचारावयाचे. पुढे येते आहे ती आज्ञा, प्रश्न, सल्ला की इशारा, हे आधीच सांगणारे असे आठ शब्द ठरलेले आहेत. त्यामुळे वादळात, रेडिओच्या खरखरीतही ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. पीटर स्ट्रेव्हन्स यांच्यासारखा नामांकित भाषाशास्त्रज्ञ १९८०च्या दशकात 'सीस्पीक' या सागरी भाषेच्या रचनेत सहभागी झाला होता, यावरून या कामाची प्रतिष्ठा कळावी.

तिसरे उदाहरण रुग्णालयाचे, आणि ते आपल्या घरांच्या अगदी जवळ आहे. आपल्या अनेक भगिनी परिचारिका आहेत. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात आरोग्यसेवकांसाठी एक स्वतंत्र इंग्रजी परीक्षा आकारास आली; ती आज ओईटी या नावाने बारा व्यवसायांसाठी घेतली जाते, आणि २०१७ पासून ब्रिटनच्या परिचारिका परिषदेनेही ती मान्य केली आहे. तिच्यात निबंध नाही. रुग्णाची टिपणे वाचून पुढील वैद्याला किंवा परिचारिकेला पत्र लिहावयाचे असते. भाषण नाही, घाबरलेल्या रुग्णाशी किंवा त्याच्या नातेवाइकाशी संवाद करावयाचा असतो.

येथेही पुस्तकी इंग्रजी उणे पडते. आपली परिचारिका 'सलाईन लावले' म्हणते. ब्रिटनमध्ये त्याला 'ड्रिप' म्हणतात. आपण 'मोशन झाली का' विचारतो. तेथे 'हॅव यू ओपन्ड युअर बाउल्स' असे विचारण्याची रीत. एखादी वृद्ध आजीबाई 'आय नीड टु स्पेंड अ पेनी' म्हणाली, तर तिला पैसे खर्चावयाचे नसून लघुशंकेस जावयाचे आहे, हे कोणत्या शब्दकोशाच्या पहिल्या अर्थावरून कळणार? आणि ते न कळल्यास त्या आजीबाई एकट्या उठतात, पडतात, आणि कमरेचे हाड मोडते. हे शिकविणारा शिक्षक हवा असतो, आणि तो सहजी मिळत नाही.

श्रोतेहो, ही तीनच उदाहरणे झाली. याखेरीज उपाहारगृहाच्या स्वागतकक्षाचे इंग्रजी आहे, करारनाम्यांचे आहे, शोधनिबंधांचे आहे, औषधनिर्मितीतील नोंदवह्यांचे आहे, स्वयंपाकघरातील बल्लवाचार्यांचे आहे. मग यांतले आपले क्षेत्र कोणते, हे कसे ठरवावे? माझ्या मते तीन प्रश्न स्वतःस विचारावे.

पहिला प्रश्न: मला इंग्रजीखेरीज दुसरे काय ठाऊक आहे? ज्याने चार वर्षे औषधाच्या दुकानात काम करीत पदवी घेतली, ज्याचे वडील गोदीत होते, जिची आई प्रसूतिगृहात परिचारिका आहे, त्यांच्याजवळ अर्धे भांडवल आधीच आहे. बाजारात कशाला भाव आहे एवढेच पाहून क्षेत्र निवडाल, तर भाव उतरताच निराधार व्हाल. जिज्ञासा असलेल्या क्षेत्रात माणूस टिकतो.

दुसरा प्रश्न: तेथील माणसांना नेमके काय हवे आहे? हचिन्सन आणि वॉटर्स यांनी १९८७ साली याची फार सुबोध फोड केली. कामाला काय आवश्यक आहे, शिकणाऱ्याजवळ काय उणे आहे, आणि त्याला स्वतःला काय हवेसे वाटते, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. परिचारिकेला वाटते आपले व्याकरण सुधारावे. कामाला हवे असते पाळी बदलताना दोन मिनिटांत अचूक माहिती सांगणे. ही पाहणी खुर्चीत बसून होत नाही. त्या जागी जावे, माणसे कशी बोलतात ते ऐकावे, ती काय वाचतात आणि काय लिहितात त्याचे नमुने परवानगीने गोळा करावे. असे शंभर नमुने ज्याच्या दप्तरात आहेत, त्याच्याशी छापील पुस्तकावर शिकविणारा स्पर्धा करू शकत नाही. यंत्रालाही त्या विशिष्ट वॉर्डातील, त्या विशिष्ट माणसांची अडचण आपण होऊन कळत नाही.

तिसरा प्रश्न: माझी मर्यादा कोणती? विमान कसे चालवावे हे वैमानिक जाणतो, शिक्षक जाणत नाही. औषधाची मात्रा परिचारिकेला ठाऊक असते. विशेष क्षेत्रातील शिक्षकाने विषयात शिष्य आणि भाषेत गुरू अशी दुहेरी भूमिका स्वीकारावी लागते. ज्याला वर्गात आपले अज्ञान दिसू देण्याचा संकोच वाटतो, त्याने या वाटेला जाऊ नये. तसेच अधिकृत परीक्षा घेण्याचा, दाखला देण्याचा अधिकार ज्यांचा आहे त्यांचाच राहू द्यावा. 'हमखास उत्तीर्ण', 'परदेशी नोकरीची हमी' असली पाटी आपल्या माणसाच्या दारावर दिसू नये. परदेशी जाण्यासाठी घरातील दागिने मोडून आलेल्या मुलीला खोटी आशा दाखविणे हे अध्यापन नव्हे.

पूर्वतयारीविषयीही दोन शब्द. एम. ए.च्या पदवीत शेक्सपिअर असतो, पण परभाषा शिकविण्याची रीत पुरेशी नसते. जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ साली लंडनमध्ये शिक्षकांसाठी अल्पमुदतीचे व्यावहारिक प्रशिक्षण सुरू केले. आजचे केंब्रिजचे सेल्टा हे प्रमाणपत्र त्याच परंपरेतील असून त्यात प्रत्यक्ष विद्यार्थ्यांपुढे सहा तासांचे अध्यापन तपासले जाते. आपल्याकडे हैदराबादेत १९५८ साली इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था निघाली. २००७ पासून ती केंद्रीय विद्यापीठ आहे. प्रथम अध्यापनाचा पाया, नंतर विशेष, हा क्रम सोडू नये. पायाविना विशेष म्हणजे केवळ शब्दांची यादी.

येथे एक शंका कोणी काढील. परदेशातील जाहिरातींत 'मातृभाषा इंग्रजी असलेलाच शिक्षक हवा' असे अनेकदा लिहिलेले असते. मग आमच्या मुलांना कोण विचारणार? हा अडथळा खरा आहे. तो अन्यायाचाही आहे. मातृभाषिक तोच उत्तम शिक्षक ही समजूत भ्रामक आहे, असे रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ सालीच साधार मांडले. तथापि केवळ तक्रार करून पोट भरत नाही. माझे म्हणणे असे की सामान्य संभाषणाच्या वर्गात ही भिंत सर्वांत उंच असते आणि विशेष क्षेत्रात ती सर्वांत ठेंगणी असते. जहाजाच्या अभियंत्याला शिक्षकाच्या जन्मगावाशी कर्तव्य नसते. यंत्रघरातील बिघाडाची नोंद नीट लिहिता यावी एवढेच त्याला हवे असते. शिवाय आपण हीच भाषा परकी म्हणून, पायरी पायरीने शिकलो आहो. मराठीत 'अ' आणि 'द'सारखी उपपदे नाहीत. ती कोठे अडखळवितात हे आपण सोसून जाणतो. जपानी आणि रशियन भाषांतही ती नाहीत. त्या विद्यार्थ्याची अडचण, जो स्वतः तेथे कधी अडखळला, त्याला लवकर उमगते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो तरुणांपेक्षा कार्यकारी मंडळास उद्देशून आहे. आपली संस्था वर्षानुवर्षे वधूवरांची सूची नेमाने काढते. त्यात उंची, वर्ण, गोत्र सारे असते. त्याच तत्परतेने ज्ञातीतील व्यवसायांची एक सूची काढावी, अशी माझी सूचना आहे. गोदीत कोण आहे, रुग्णालयात कोण, विमानतळावर कोण, उपाहारगृहात कोण, न्यायालयात कोण, याची नोंद व्हावी. ज्या तरुण शिक्षकाला एखाद्या क्षेत्राची पाहणी करावयाची आहे, त्याला त्या क्षेत्रातील निवृत्त माणसाने आठ दिवस बोट धरून हिंडवावे, आपल्या कामाचे शब्द आणि आपल्या कामातील भीती त्याला सांगावी. यास निधी लागत नाही. थोडा वेळ लागतो. दुसरी सूचना शिष्यवृत्तीविषयी. आपला शिक्षणनिधी पदवीपर्यंत मदत करतो आणि नेमक्या त्या वळणावर हात काढून घेतो. अध्यापनाच्या प्रशिक्षणासाठी दरवर्षी एखादी तरी परतफेडीची शिष्यवृत्ती राखून ठेवावी. आणि हा लाभ केवळ आपल्या माणसांपुरता न ठेवता, शिकून तयार झालेल्या शिक्षकाने कोणत्याही ज्ञातीच्या होतकरू परिचारिकेला वा खलाशाला दार उघडे ठेवावे, अशी अट त्यास जोडावी.

तरुण मित्रांनो, तुमच्या हाती जी पदवी आज आली आहे ती म्हणजे उत्तम पोलाद आहे. पण नुसत्या पोलादाच्या तुकड्याने काही कापता येत नाही. त्याची शस्त्रवैद्याची सुरी करावयाची, सुताराची पटाशी करावयाची की शेतकऱ्याचा विळा, हे ठरवून त्याला धार लावावी लागते. ती धार तुम्ही लावाल, आणि ज्येष्ठांनी त्यासाठी आपला अनुभव पुढे करावा, अशी विनंती आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.